गादी पिंजून मिळेल: दारात येणाऱ्या टेम्पोचा आमचा अनुभव

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. घरात चांगल्या कापसाची जुनी गादी असेल, बसून बसून कडक झाली असेल आणि दारात टेम्पो उभा राहील एवढी जागा असेल, तर पिंजणाचं मशीन घरीच बोलवा. गादी नवी होऊन मिळते आणि नव्या गादीच्या निम्म्या पैशांत काम भागतं. फक्त त्या दिवशी दोरीवर धुणं ठेवू नका, स्वयंपाक सकाळीच उरका आणि कापूस परत खोळीत जाईपर्यंत तिथनं उठू नका. पाचापैकी चार तारे देते. पाचवा का कापला ते पुढं येतंय.

आमचं घर बेळगावच्या अनगोळात. पुढचा भाग स्लॅबचा, मागची पडवी अजून कौलांची. माणसं म्हणायला चार, खरं उन्हाळ्यात हा आकडा कुणाच्या हातात राहत नाही. इकडच्या शाळा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुटतात आणि मेच्या अखेरीस भरतात. पुण्या-कोल्हापूरच्या पोरांना सुट्टी लागते ती मेमध्ये, आणि चालते जूनच्या मध्यापर्यंत. म्हणजे सीमेच्या अलीकडची पोरं आधी घर डोक्यावर घेतात आणि ती दमायच्या आत पलीकडची येऊन दाखल होतात. त्यात मध्ये शिवजयंती. बेळगावात ती वैशाख शुद्ध द्वितीयेची. चित्ररथांची मिरवणूक रात्रभर बघितलेला पाहुणा पहाटे काही गावाला परत जात नाही, तो आपल्याच घरी येऊन आडवा होतो. अशा घराला चिरमुऱ्यांचा डबा आणि गाद्यांची चवड कायम भरलेली लागते. चिरमुरे कधीही आणता येतात. गाद्यांचं तसं नाही.

आमच्या चवडीतल्या मोठ्या दोन गाद्या सासऱ्यांच्या काळातल्या. कापूस बैलहोंगलच्या बाजारातला. आपल्या जिल्ह्याचं असंच आहे बघा, पश्चिमेला खानापूरकडे तांबडी माती, पाऊस आणि भात. पूर्वेला बैलहोंगल-सौंदत्तीकडे काळी माती आणि कापूस. तेव्हा बाजारात देशी कापूस यायचा, धारवाडकडचा जयधर वगैरे, आखूड आणि जरा खरबरीत धाग्याचा. सुतासाठी लांब, मऊ धागा चांगला. गादीला मात्र हा आखूड-खरबरीतच बेस, दाबला तरी परत वर येतो. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली, पुढच्या काही वर्षांत शेतं त्यानं भरली आणि देशी वाण मागं पडले. म्हणून जुन्या गादीतला कापूस टाकून नवा भरायचा सल्ला कुणी दिला, तर आधी त्याच्या दुकानात कापसाचा ढीग किती मोठा आहे ते बघा.

फोमची गादीही आमच्याकडे होऊन गेली. लेकीनं हौसेनं घेऊन दिलेली. कंपनीचं नाव घेत नाही. हमी दहा वर्षांची. मधोमध खळगा पडला तेव्हा त्यांचा माणूस आला, गादीवर आडवी पट्टी ठेवली, खळग्याची खोली मोजली आणि म्हणाला, हा हमीत बसण्याइतका खोल नाही. अजून थोडे दिवस झोपा असं तेवढं म्हणायचं ठेवलं त्यानं. खळग्याचंही एक वेळ चाललं असतं. उन्हाळ्याच्या रात्री पाठ चिकटायची त्याचं काय? बेळगाव समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांवर, रात्री दहानंतर गच्चीवर गार वारं सुटतं, आणि आपण आत फोमवर घामाघूम. कापूस स्वतःच्या वजनाच्या आठ-साडेआठ टक्के ओल हवेतनं धरतो आणि कोरडं झालं की सोडूनही देतो. पॉलिएस्टरला ते अर्धा टक्काही जमत नाही. त्या फोमवर वरनं खोळही पॉलिएस्टरची. मग घामानं जायचं कुठं?

पण कापसाची हीच सवय पावसाळ्यात अंगाशी येते. जूनपासून चार महिने आपल्याकडे हवाच ओली. कापूस ती ओल पितो, वरनं माणसाचं वजन, तंतू एकमेकांत गुंतून बसतात आणि गादीत गोळे होतात. ऊन दाखवलं की ओल जाते, गुंता तेवढा राहतो. तो सुटायला पिंजावंच लागतं. दर तीन-चार वर्षांनी, आणि उन्हाळ्यातच.

पूर्वी पिंजारी खांद्यावर धनुकली टाकून गल्लीतनं जायचा. जाता जाता तिच्या तातेला, म्हणजे ताणलेल्या दोरीला, एक टोला द्यायचा, तो आवाज ऐकला की बायका दारात. पडवीत बसून तो दिवसभर एक गादी पिंजायचा. तात कापसात बुडवायची, लाकडी ठोकळ्यानं हाणायची, की तिच्या थरथरीनं कापूस उडून बाजूला पडायचा. आता तीनचाकी टेम्पोवर मशीन असतं. मागच्या हौद्यात पत्र्याची पेटी, आत खिळ्याखिळ्यांचा रूळ, तो फिरवायला इंजिन. एका तोंडानं गोळे घालायचे, दुसऱ्यानं पिसासारखा कापूस बाहेर. रेकॉर्ड केलेला भोंगा कन्नड, मराठी आणि दख्खनी अशा तिन्ही भाषांत ओरडत फिरतो, त्यामुळे कळलं नाही म्हणायची सोय नाही.

आम्ही ज्यांना बोलावलं त्यांना सगळे मामू म्हणतात. साठीचे असतील. बरोबर पुतण्या, तो मशीन बघतो. मला आवडलं ते हे की मामूंनी आल्या आल्या दर सांगितला नाही.

"अक्का, कापूस बघू द्या की आधी. दर मग बोलू."

खोळीची एक शिवण उसवली, आत हात घालून खालच्या बाजूचा चिमूटभर कापूस काढला. वरचा कधी घेऊ नये म्हणे, वर चांगलाच असतो. दोन्ही हातांच्या चिमटीत धरून तो हळूहळू ताणला. तंतू एकमेकांवरनं सरकत लांबले आणि मग सुटले. "हा कापूस." लगेच पोरांच्या खोलीतल्या, बाजारातनं तयार आणलेल्या गादीतला काढला. तो ताणायच्या आतच तुटला आणि आत निळे, गुलाबी दोऱ्यांचे तुकडे दिसले. चिंध्या फाडून केलेला. त्यातलाच एक पुंजका मामूंनी काडीनं पेटवला. खऱ्या कापसाला जळक्या कागदाचा वास येतो आणि राख बोटात चुरते. हा आखडला, काळा झाला आणि टोकाला कडक मणी धरला. "यात प्लास्टिक आहे अक्का. हा पिंजून पैसे घालवू नका." त्या गादीचे पैसे त्यांना मिळाले असते, आम्ही काही तपासायला जाणार नव्हतो. चारातला एक तारा इथलाच.

वजनाचा घोळ नीट समजून घ्या, कारण बायकांची आणि पिंजाऱ्यांची भांडणं इथंच होतात. मोठी गादी खोळ काढून काट्यावर अठरा किलो भरली. पिंजून झाल्यावर सतराच्या थोडी वर. शेजारच्या काकू लगेच माझ्या कानात, "बघ गो, किलोभर गेला." गेला तो कुठं गेला हे खाली दिसतच होतं. धुरळा, कुजून पावडर झालेले तंतू, सरकीची टरफलं. शिवाय अठरा किलोच्या गादीत सव्वा-दीड किलो नुसती ओलच असू शकते, वर म्हटलं ना आठ-साडेआठ टक्के. कडक उन्हात पसरलेल्या कापसातनं त्यातली बरीचशी उडून जाते. म्हणून गादी आदल्या दिवशी उन्हात टाका, मग वजन करा. म्हणजे काट्यात घट कमी दिसते, पिंजणावळ किलोवर असल्यानं पैसेही थोडे वाचतात आणि त्या बिचाऱ्या माणसावर आळही येत नाही.

आता त्या दिवसाचं. आठला येतो म्हणालेले मामू अकराला आले. इंजिन सुरू झालं आणि बोलणं बंद झालं. सासूबाई देवघरात जप करत होत्या, त्यांनी माळ तशीच ठेवून दिली. मशीनमध्ये घालायच्या आधी पुतण्या प्रत्येक गोळा हातानं उकलून बघत होता. खिळ्यांच्या रुळावर धातूचा तुकडा गेला तर ठिणगी पडते आणि पिंजलेल्या कापसाला एक ठिणगी बास होते. आमच्या गादीतनं निघालं काय काय: एक गंजलेली सेफ्टी पिन, गोटी, पंचवीस पैशांचं नाणं आणि कुणाचा तरी दुधाचा दात. दातावर हक्क सांगायला तिघं पुढं आले. तेव्हा पाण्याची भरलेली बादली मशीनजवळ ठेवा. मामूंनी स्वतः मागितली, सगळे मागतीलच असं नाही.

धुरळा मात्र भयंकर. तोंडाला पदर बांधूनही रात्रीपर्यंत घसा खवखवत होता. दम्याचं माणूस घरात असेल तर त्याला त्या दिवशी नातलगाकडे पाठवा, आणि शक्य असेल तर गाद्याच मशीनवाल्याच्या दुकानात पाठवा. उडालेला बारीक कापूस वाऱ्याबरोबर समोरच्या गच्चीवर गेला, तिथं कोहळ्याचे सांडगे वाळत होते. त्या सांडग्यांना आलेली पांढरी लव मी पाहिली आहे. समोरच्या वहिनी काही बोलल्या नाहीत, पण यंदा आमच्याकडे सांडगे येणार नाहीत हे मी धरून चालले आहे.

खोळ आम्ही आधीच शिवून ठेवली होती आणि तुम्हीही तसंच करा. टेम्पोवर खोळी मिळतात, स्वस्तही असतात, पण विरळ. उजेडासमोर धरल्या तर पलीकडचा माणूस ओळखू येतो. अशा खोळीतनं कापूस तंतू-तंतूनं बाहेर येतो आणि चादरीला चिकटतो. गणपत गल्लीत गादीपाट मागा, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, घट्ट विणीचा. तो एकदा पाण्यातनं काढून, वाळवून मगच शिवायला द्या, कोरं कापड पहिल्या धुण्याला आटतं. मापाला चार बोटं जास्त ठेवा.

भरायचं काम बघण्यासारखं असतं. कापूस खोळीत कोंबत नाहीत. आधी खोळ उलटी अंथरतात, तिच्यावर कापसाचे थर लावतात, कडेला जरा जास्त, आणि मग दोघं दोन टोकांनी ती गुंडाळत आणतात. गुंडाळी उलगडली की खोळ सुलट आणि कापूस आत. हे कसं झालं म्हणून पोरांनी पुन्हा करायला लावलं, मामूंनी दुसऱ्या गादीला अगदी सावकाश करून दाखवलं, तरी कुणाला कळलं नाही. मलाही नाही. मग काठीनं झोडून थर सारखा करायचा, तोंड शिवायचं आणि टाके घालायचे. दाभणातला दोरा मेणबत्तीवरनं ओढून घेतलेला. मामू वरनं दाभण खुपसायचे, डावा हात गादीखाली, तिथं टोक बोटाला लागलं की परत वर. खाली बघणं नाही, चाचपणं नाही. वर दोऱ्यात चिंधीचा छोटा फुलोरा अडकवून गाठ आवळली की गादीला खळी पडते. टाके विरळ असले की कापूस सरकतो आणि वर्षभरात मध्ये घडी पडते. वीतभर अंतराचे टाके मागा.

पाचवा तारा इथं गेला. पहिल्या गादीला टाके वीतभर, दुसरीला दुपारी जेवण झाल्यावर हात सैल पडला आणि अंतर दीड-दोन वितींवर गेलं. शिवाय एक कोपरा रिकामा. बोट लावलं तर नुसतं कापड. सांगितल्यावर मामूंनी हुज्जत न घालता कोपरा उसवून भरला. टाके घालायला मात्र पुतण्याला बसवलं आणि त्याचा हात अजून बसलेला नाही. एवढ्यात कित्तूरच्या बाजूनं आभाळ भरून आलं. एप्रिलच्या शेवटी दुपारी चारनंतर वळीव कधी येईल सांगता येत नाही, आणि अंगणात अजून एका गादीचा पिंजलेला कापूस उघडा. मग काय, घरातली होती नव्हती ती सगळी माणसं, शेजारचे काका आणि टेम्पोचा भोंगा ऐकून दर विचारायला आलेली एक अनोळखी बाई, सगळ्यांनी मिळून तो ढीग चादरींतनं पडवीत ओढला. पाऊस पडला तो वडगावात. आमच्याकडे चार थेंब.

हिशेब लिहून ठेवते, उपयोग होईल. पिंजणावळ किलोला ४० रुपये, अठरा किलोचे ७२०. मोठी गादी भरून शिवून टाके घालायचे ५००. गादीपाट ९००. घट भरून काढायला दोन किलो नवा कापूस, २२० रुपये दरानं ४४०. एका मोठ्या गादीचे झाले २,५६०. एवढ्याच वजनाच्या नव्या गादीला दुकानात सहा हजारांच्या आत कुणी बोललं नाही. उश्या, लोड, तक्के यांचे नगावर पैसे, तिथं घासाघीस चालते. चहा आणि दुपारची भाकरी-आमटी आपल्याकडे लागली असं समजायचं, कुणी मागत नाही, खरं देतात सगळे. उन्हात तीन-चार तास राबलेल्या माणसाला गूळ-पाणी आणि ताक दिल्यावर टाके जवळ पडतात असंही काकूंचं म्हणणं आहे. आमच्याकडे उलटं झालं ते वर सांगितलंच.

उश्यांचं वेगळं. जुन्या दोन उश्या सावरीच्या आहेत. काटेसावरीची बोंडं एप्रिल-मेमध्ये उकलतात, खानापूरच्या बाजूला रानात झाडाखाली पांढरं पसरलेलं असतं. हा तंतू आतनं पोकळ, गुळगुळीत आणि वजनाला नाहीसारखा. गुळगुळीत म्हणून एकमेकांत गुंतत नाही आणि म्हणूनच त्याला पिंजावंही लागत नाही. मशीनमध्ये घातला तर अर्धा उडून जाईल. उशी उन्हात तापवायची आणि काठीनं हलक्या हातानं झोडायची, बास. बाजारात सावर म्हणून साधा कापूस मिसळून विकतात. मुठीत दाबून सोडा, खरी सावर लगेच वर येते. आणि बिया पूर्ण निवडून घ्या, राहिल्या तर उंदीर उशीपर्यंत येतो. मामूंनी सावरीच्या उश्यांना हातसुद्धा लावला नाही, "यांचं माझं काही काम नाही" म्हणून बाजूला ठेवल्या. हेही मला पटलं.

गाद्या आता कशा आहेत? पहिल्या रात्री गच्चीवर टाकल्या तेव्हा पोरांनी त्यांच्यावर उड्या मारायला मनाई असूनही मारल्या. माझ्या नवऱ्याची कंबर सकाळी धरली नव्हती, निदान त्यांनी तसं सांगितलं नाही, आणि ते न सांगता राहणाऱ्यातले नाहीत. कूस बदलली की खाली थंड जागा मिळते, फोमवर ही मजाच नव्हती. तक्रार एकट्या सासूबाईंची. पिंजलेली गादी सुरुवातीला दुप्पट फुगते. त्यांच्या बुटक्या कॉटवर ती टाकली तर उठून बसल्यावर त्यांचे पाय जमिनीला टेकेनात. मामू जायला निघाले होते, त्यांना परत बोलावलं. त्यांनी गादीवर तळहात दाबून बघितला.

"महिनाभर झोपा आई. बसेल."

"आणि तोवर?"

तोवर पायाखाली पाट ठेवला आहे. तेव्हा घरात वयस्कर माणूस असेल तर त्यांच्या गादीत कापूस दोन-तीन किलो कमी भरायला आधीच सांगा.

टेम्पो होळीनंतर फिरायला लागतात आणि पहिला मोठा पाऊस झाला की मशीनवर ताडपत्री पडते. मग थेट दिवाळीनंतर. शिवजयंतीच्या आधीच्या आठवड्यात सगळ्या शहराला एकदम गाद्या आठवतात, त्या गर्दीत सापडू नका. भोंगा ऐकू आला की लगेच थांबवा, दर ठरवण्याआधी कापूस ताणून दाखवायला सांगा, आणि समोरच्या गच्चीवर काय वाळतंय ते एकदा बघून घ्या.